डिप्रेशन उलटू नये म्हणून : सजगतेचा आठ आठवड्यांचा सराव, पायरीपायरीने

तापातून उठलेला माणूस आठवडाभर जपून असतो, कारण ताप उलटतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. डिप्रेशनमधून उठलेल्याला मात्र आजूबाजूचे म्हणतात, 'झालं ना बरं? मग सोड आता तो विषय.' तो सोडतोही. मग काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, दात घासायला उठणं हेसुद्धा मोठं काम वाटू लागतं. एकदा डिप्रेशन येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा गाठतं, आणि दर खेपेगणिक पुढच्या खेपेची शक्यता वाढत जाते.

मला ते तीनदा आलं. तिसऱ्यांदा सावरत होते तेव्हा माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी एमबीसीटीचं नाव काढलं. माइंडफुलनेसवर आधारलेली कॉग्निटिव्ह थेरपी. मराठीत सजगतेवर, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्यावर, आधारित उपचार म्हणा. आठवड्यातून एकदा वर्ग, असे आठ आठवडे. मी तो कोर्स केला, त्यानंतर सराव कधी नेमाने केला, कधी महिनोन्‌महिने बुडवला. मी डॉक्टर नाही. कोर्स करून बाहेर पडलेली आणि या विषयावर वाचत राहिलेली बाई आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

उलटतं ते कशामुळे

झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल हे तीन मानसशास्त्रज्ञ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न घेऊन बसले होते. डिप्रेशनमधून बाहेर आलेला माणूस आणि ते कधीच न आलेला माणूस, दोघं एरवी सारखेच विचार करतात. फरक दिसतो तो मूड जरासा उतरल्यावर. प्रयोगात उदास संगीत ऐकवून दोघांचाही मूड थोडा वेळ खाली आणला, तर पहिल्याच्या डोक्यात जुने विचार भराभर जागे होतात : 'माझ्यातच काहीतरी खोट आहे', 'हे कधी संपणार नाही'. दुसरा मात्र नुसता उदास होतो.

उदासपणा आणि हे विचार आजारपणात इतका काळ एकत्र राहिलेले असतात, की पुढे एकानं डोकं वर काढलं की दुसराही येतो. मग मन आपल्या परीनं मदतीला धावतं. 'असं का होतंय? मी कुठे चुकले?' नळ गळत असेल तर 'का गळतोय' हे विचारून उत्तर सापडतं. मूडला तोच प्रश्न विचारत बसलं, की उत्तर म्हणून आणखी वाईट आठवणी हाती येतात, त्यांनी मूड आणखी उतरतो, आणि प्रश्न पुन्हा सुरू. आपण याला तेच तेच उगाळणं म्हणतो. चंदन उगाळलं तर झिजतं तरी; हे उगाळलं की वाढतं.

म्हणून हा सराव उदासपणा घालवायला शिकवत नाही. उदास वाटणं आणि उगाळणं यांच्या मधला सांधा ओळखायला शिकवतो. तो सांधा बऱ्या दिवसांतच नीट दिसतो. म्हणून सराव बरं असतानाच करायचा.

या तिघांना ध्यानाची वाट सापडली ती जॉन काबाट-झिन यांच्याकडे. त्यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखणी आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी बौद्ध ध्यानपद्धतींवर बेतलेला, पण धर्माचं नाव न घेणारा वर्ग सुरू केला होता. तिघांना आधी वाटलं, यातलं लक्ष देण्याचं तंत्र तेवढं उचलू; स्वतः ध्यान करायची गरज काय? पुढे त्यांना पटलं की शिकवणाराच सराव करत नसेल तर हे शिकवता येत नाही. शिक्षक निवडताना ही गोष्ट उपयोगी पडते, त्याबद्दल खाली.

किती उपयोग होतो, आणि कुणाला

२०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत १४५ जण होते. ज्यांना तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं, त्यांच्यापैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्के लोकांना ६० आठवड्यांत ते पुन्हा आलं. कोर्सही केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनच खेपा झालेल्यांमध्ये मात्र फायदा दिसला नाही. कोणते उपचार वापरावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेनं २००४मध्ये हा उपचार सुचवला तो म्हणूनच तीन किंवा अधिक खेपा झालेल्यांसाठी.

२०१५ची एक ब्रिटिश चाचणी मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिचा निकाल टाळ्या मिळवणारा नाही. ४२४ जण, दोन वर्षं. अर्ध्यांनी गोळ्या चालू ठेवल्या, अर्ध्यांनी कोर्स करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करत नेल्या. डिप्रेशन परत आलेले गोळ्यांच्या गटात ४७ टक्के, कोर्सच्या गटात ४४. म्हणजे जवळपास बरोबरी. ज्यांना जन्मभर गोळ्या नको आहेत त्यांना दुसरी वाट आहे, एवढंच यातून निघतं. 'ध्यान करा, गोळ्या फेका' असं कुणी म्हणालं तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा.

सुरुवात करण्याआधी

सध्या तुम्ही डिप्रेशनच्या ऐन भरात असाल तर थांबा. लक्ष एका जागी ठरत नसताना चाळीस मिनिटं स्वतःच्या डोक्यासोबत पडून राहणं हा उपचार नाही, जाच आहे. आधी डॉक्टर, औषधं, झोप. नुकतंच कुणी गेलं असेल, दारू किंवा अन्य नशेचा प्रश्न चालू असेल, कधी भास किंवा भ्रम झाले असतील, किंवा जुना आघात अजून अंगावर धावून येत असेल, तर आधी तज्ज्ञांशी बोला. जीव नकोसा वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ताच कुणाला तरी सांगा : घरातलं माणूस, डॉक्टर, हेल्पलाइन, आपत्कालीन सेवा, जे आधी लागेल ते.

आणि गोळ्या. त्या चालू असताना कोर्स करता येतो, बरेच जण करतात. कमी करायच्या असतील तर ते डॉक्टरांबरोबर, हळूहळू. एकदम बंद केल्यावर जे होतं ते दुखणं उलटण्यासारखंच दिसतं, आणि मग काय झालंय हेच कळेनासं होतं.

वर्ग मिळत असेल तर वर्गातच करा. साधारण आठ ते पंधरा जण, दर आठवड्याला दोन-अडीच तास. शिक्षकाला दोन प्रश्न बेधडक विचारा : तुम्ही स्वतः रोज सराव करता का, आणि डिप्रेशनच्या रुग्णांबरोबर काम करण्याचं तुमचं प्रशिक्षण काय? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला गोलमाल उत्तर मिळालं तर तो ध्यानशिक्षक चांगला असेल, पण हा कोर्स त्याच्याकडे नको. वर्ग नसेल तर खालचा क्रम समुपदेशकाच्या सोबतीनं घरी करता येतो. त्याला कोर्सची सर नाही, पण पाया पडतो.

घरचा गृहपाठ आठवड्यातले सहा दिवस, रोज सुमारे ४५ मिनिटं. घरच्यांना सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यात मला दोनदा 'झोपलीस का गं?' म्हणून उठवलं गेलं.

पहिले दोन आठवडे : शरीर आणि गोष्टी रचणारं मन

सुरुवात एका मनुक्यापासून होते. तो तळहातावर घ्यायचा आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय असा पाहायचा. सुरकुत्या, देठाजवळचा खड्डा, उजेडात धरल्यावर कडेला दिसणारा तपकिरी रंग. मग कानाशी नेऊन बोटांनी दाबायचा. बारीक चुरचुर ऐकू येते. ओठाला लावला की तोंडात पाणी सुटतं, अजून खाल्लेला नसतानाच. मग एकच चावा. मी मूठ-मूठ मनुके खाल्लेली बाई, पण एकाची चव दोन टप्प्यांत येते, आधी आंबट मग गोड, हे मला त्या दिवशी कळलं. यात गूढ काही नाही. आपण किती गोष्टी सवयीनं, तिथे नसताना करतो, ते दिसावं म्हणून हा खेळ. मूड उतरतो तोही असाच, आपलं लक्ष नसताना.

घरी करायचं ते बॉडी स्कॅन. उताणं पडायचं आणि डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू करून एकेका भागावर लक्ष नेत डोक्यापर्यंत जायचं. ध्वनिमुद्रित सूचना लावा. झोप लागली तर लागली. रोजच लागत असेल तर डोळे उघडे ठेवा किंवा बसून करा. एखाद्या भागात काहीच जाणवलं नाही तर 'काही जाणवत नाही' हीच नोंद. आराम वाटलाच पाहिजे असा नियम नाही, आणि हे पहिल्या आठवड्यात कुणालाच पटत नाही. शिवाय रोजचं एखादं काम निवडा, अंघोळ किंवा भांडी घासणं, आणि तेवढं तरी तिथे हजर राहून करा.

दुसऱ्या आठवड्यातला एक प्रयोग वहीत करून बघा. तुम्ही रस्त्यानं चाललाय, पलीकडच्या फुटपाथवर ओळखीचं माणूस दिसतं. तुम्ही हात करता. ते न बघता निघून जातं. आता मनात पहिलं काय आलं ते लिहा. वर्गात कुणी 'दिसले नसेन' लिहितं, कुणी 'रागावली असणार', कुणी 'मी कुणालाच नको आहे'. प्रसंग एकच. हाच प्रयोग चांगल्या आणि वाईट दिवशी करा. उत्तरं दोन येतील. या आठवड्यात रोज एक सुखद क्षणही टिपायचा : काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, मनात काय आलं. पुढच्या आठवड्यात हेच एका अप्रिय क्षणाबद्दल.

तिसरा आठवडा : तीन मिनिटांची उसंत

इथे बसून श्वासाकडे लक्ष देणं आणि हलके ताण-व्यायाम सुरू होतात. मन भटकतं. ते कुठे गेलं होतं हे पाहायचं आणि परत आणायचं, शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा. परत आणणं हाच व्यायाम आहे. न भटकणं नव्हे.

पण या आठवड्याचं खरं धन म्हणजे तीन मिनिटांची उसंत. सगळं विसरलात तरी ही ठेवा. तिचा आकार वाळूच्या घड्याळासारखा : आधी रुंद, मग अरुंद, पुन्हा रुंद.

१. पहिलं मिनिट : पाठ ताठ करा. आत्ता काय चाललंय? विचार कोणते, भावना कोणती, अंगात कुठे काय? बदलायला जाऊ नका. शब्दांत नोंद पुरे : 'छातीत आवळल्यासारखं. विचार : मला टाळतेय.'
२. दुसरं मिनिट : सगळं लक्ष श्वासावर, शक्यतो पोटाजवळ. आत येणारा, बाहेर जाणारा.
३. तिसरं मिनिट : लक्ष पसरवा, पूर्ण शरीरावर. बसायची ढब, चेहरा, खांदे. ताण जिथे असेल तिथे श्वास जातोय असं पाहा.

आधी दिवसातून तीन ठरावीक वेळी, काही झालेलं नसताना. पुढच्या आठवड्यापासून त्याखेरीज जेव्हा खटकेल तेव्हाही.

माझा एक प्रसंग. मैत्रिणीला मेसेज पाठवला होता, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते आणि डोक्यात दोन वर्षांपूर्वीच्या एका भांडणापासूनची सगळी मैत्री तपासून झाली होती. फोन उलटा ठेवला. पहिल्या मिनिटात कळलं की जबडा दुखतोय, आणि मी दुपारी जेवलेच नाही. दुसऱ्यात श्वास मोजायचा प्रयत्न केला, जमला नाही. तिसऱ्यात खांदे कानाला टेकलेले सापडले. मैत्रिणीचं उत्तर काही आलं नाही. मी उठून जेवले. तीन मिनिटांनी एवढंच केलं, आणि त्या संध्याकाळी तेवढं पुरेसं होतं.

चौथा ते सहावा : नको असलेल्याशी ओळख

चौथ्या आठवड्यात वर्गात एक यादी वाचायला देतात : डिप्रेशनमध्ये माणसाच्या डोक्यात आपोआप येणारे विचार. 'मी काही कामाचा नाही.' 'माझं भविष्य अंधारात आहे.' 'माझं आयुष्य मनासारखं चाललेलं नाही.' वाचताना खोलीत शांतता पसरली. मग पलीकडे बसलेले एक काका म्हणाले, 'अहो, ही तर माझी वही आहे.' हे विचार आपले खास, आपल्या चुकांतून निघालेले, असं प्रत्येकालाच वाटत असतं. निघतात ते आजाराचे, खोकला जसा सर्दीचा. आजारात ते शंभर टक्के खरे वाटतात आणि बरं झाल्यावर दहा टक्केही नाहीत, यावरूनच त्यांची किंमत कळावी.

पाचवा आठवडा सगळ्यांत अवघड. बसल्या बसल्या एखादी छोटी चालू अडचण मुद्दाम मनात आणायची. छोटीच, आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख पहिल्याच दिवशी काढू नका. ती शरीरात कुठे उमटते ते शोधायचं, आणि तिला घालवायचा प्रयत्न न करता तिच्याशेजारी थांबायचं. 'आहे, असू दे' एवढंच म्हणायचं. 'असू दे' म्हणजे पसंत पडलं असं नव्हे. ढकलण्यात जाणारी ताकद फक्त वाचवायची. थांबणं असह्य झालं तर डोळे उघडा, तळपाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, आणि त्या दिवशीचा सराव तिथेच संपवा. हा पराभव नाही. दर वेळी असं होत असेल तर मात्र शिक्षकाला किंवा डॉक्टरांना सांगा.

सहाव्यात विचारांकडे विचार म्हणून पाहणं. 'माझ्यानं होणार नाही' च्या आधी पाच शब्द जोडा : 'मला असा विचार येतोय की माझ्यानं होणार नाही.' व्याकरणाचा फरक दिसतो. अनुभवाचा फरक बराच मोठा आहे. इथे विचार खोडून काढायचा नसतो. डिप्रेशनशी वाद घालणाऱ्याला ठाऊक असतं की ते वकील चांगलं ठेवतं. या सुमारास वर्गाचा एक पूर्ण दिवस मौनाचा असतो. मला तो कंटाळवाणा गेला, आणि कंटाळ्याकडे एवढा वेळ मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सातवा : बऱ्या मनानं लिहायची कागदपत्रं

माझ्या मते सगळा कोर्स या आठवड्यासाठी आहे. वही घ्या.

आधी नेहमीच्या दिवसातली कामं एकाखाली एक लिहा, अगदी बारीक : उठणं, फोन बघणं, प्रवास, अमक्याशी बोलणं. प्रत्येकापुढे अधिक किंवा उणे; बळ देणारं की बळ खाणारं. माझ्या यादीत पहिले पाच उणे निघाले, आणि त्यातला एक, उठल्या उठल्या बातम्या वाचणं, मी स्वतःच ओढवून घेतलेला होता. मूड उतरतो तेव्हा माणूस आधी अधिकच्या रांगेतल्या गोष्टी सोडतो, 'वेळ नाही' म्हणून. त्यातल्या दोन ठरवून ठेवा : एक आनंदाची, एक हातावेगळं केल्याचं समाधान देणारी. दुसरी लहान हवी. कपाट आवरणं मोठं झालं. एक खण पुरे.

मग खुणा. गेल्या खेपेला अगदी सुरुवातीला काय बदललं होतं? 'उदास वाटतं' हे उशिराचं लक्षण. त्याआधीच्या, दुसऱ्याला दिसतील अशा खुणा शोधा. माझ्या : पहाटे चारला जाग. फोन वाजू देणं आणि नंतर परत न करणं. केस धुणं पुढे ढकलणं. विनोदावर हसण्याआधी अर्धा क्षण विचार. शेवटची खूण माझ्या बहिणीनं सांगितली, मला ती माहीतच नव्हती. जवळच्या एका माणसाला हे नक्की विचारा. आणि परवानगी देऊन ठेवा : 'यातल्या दोन दिसल्या तर मला तोंडावर सांग. मी चिडेन, तरी सांग.'

शेवटी कृती. पहिली पायरी नेहमी तीन मिनिटांची उसंत. दुसरी, यादीतलं एक काम, इच्छा असो वा नसो. डिप्रेशनमध्ये इच्छा कामाच्या आधी येत नाही, झालीच तर नंतर येते. तिसरी, कुणाला फोन करायचा त्याचं नाव आणि नंबर. चौथी, किती दिवसांनी डॉक्टरांकडे जायचं. आकडा लिहा. माझा दहा आहे : खुणा दहा दिवस टिकल्या तर भेटीची वेळ घ्यायची, वाद नाही. 'फारच वाटलं तर जाईन' असं लिहू नका, कारण त्या वेळी 'फारच' किती ते ठरवणारं मन आजारीच असतं.

आठवा आणि नंतरचा

शेवटच्या वर्गात पुन्हा बॉडी स्कॅन होतो, आणि पुढे काय चालू ठेवणार ते ठरवायचं असतं. ४५ मिनिटं चालू ठेवणारे मी फार पाहिले नाहीत. मी स्वतः सकाळी पंधरा मिनिटं बसते, आठवड्यातून चार-पाच दिवस, आणि उसंत रोज घेते. सराव बुडाला तर पुन्हा सुरू करायचा. मधल्या दिवसांचा हिशेब मागायचा नाही. 'साधं ध्यानही जमत नाही मला' हा विचार चौथ्या आठवड्याच्या यादीतलाच चुलतभाऊ आहे.

दुसरी एक चूक बारीक आहे. सहा महिन्यांनी मूड उतरला की माणूस उसंत घेतो, घड्याळ बघतो आणि म्हणतो, 'गेला नाही अजून.' म्हणजे सराव पुन्हा उदासपणा हाकलायचं हत्यार झाला. असं झालं तर तेही पहिल्या मिनिटाच्या नोंदीत घाला : 'हे जावं असं वाटतंय.'

सातव्या आठवड्यात लिहिलेला तो कागद मी दोन प्रतींत ठेवलाय, एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, एक बहिणीकडे. दर सहा महिन्यांनी उघडून वाचते. मागच्या वेळी वाचला तेव्हा तिसऱ्या पायरीतला नंबर बदललेला निघाला. तो खोडून नवा लिहिला, आणि तिच्या प्रतीतही बदलायला सांगितला.